तो तिथे काय काम करायचा?

फेब्रुवारीत वसईला बहिणीकडे गेले होते. भाईंदरहून रो-रोने. 2024 मध्ये ही बोट सुरू झाली तेव्हापासून निदान सणासुदीला तरी लोकलच्या गर्दीतून सुटका होते. (नवघरहून पूर्व-पश्चिम करत धक्क्यापर्यंत पोचायचा व्याप आहेच. आणि हो, माझं नवघर भाईंदर पूर्वेचं. खाडीपलीकडे वसईतही एक नवघर आहे, आणि आमच्या अर्ध्या नातेवाइकांच्या लग्नपत्रिका अजून तिकडे जातात!)

निमित्त होतं संत गोन्सालो गार्सियाच्या सणाचं. मिस्सा झाली, मग मुलांनी छोटं नाटक केलं. पुठ्ठ्याचे भाले, चंदेरी कागद लावलेली शिरस्त्राणं, जपानी शिपायांच्या काळ्या पेन्सिलीने काढलेल्या मिशा. गोन्सालो झालेला मुलगा क्रुसाला मिठी मारतो, भाले उगारले जातात, पडदा पडतो. आजूबाजूच्या बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू.

परत येताना माझी दहा वर्षांची भाची म्हणाली, "मावशी, पण तो तिथे काय काम करायचा?"

मी म्हटलं, "मिशनरी होता ना."

"हो, पण काम काय करायचा? रोज?"

मी बहिणीकडे पाहिलं, बहिणीने भावजींकडे. भावजींनी "फादरना विचारू हं" असं म्हणून विषय मिटवला. चार मोठी माणसं, सगळी लहानपणापासून त्याच्या नावाच्या प्रार्थना म्हणणारी, आणि एकालाही उत्तर देता येईना. लाज वाटली. मग घरी येऊन थोडं वाचलं, थोडं आठवलं, आणि आता लिहायला बसले आहे.

आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते. जन्म वसईत, 1557 च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच, कोकणातली. जेझुइट फादरांच्या हाताखाली शिकला. पंधराएक वर्षांचा असताना एका फादरबरोबर जपानला गेला. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवून त्याला मारलं. 1862 मध्ये पोप पायस नववे यांनी त्या सव्वीस जणांना संत घोषित केलं.

म्हणजे पंधराव्या वर्षी गेला आणि चाळिशीत मेला, हे आम्हाला पाठ. मधलं काय?

मधलं असं, की तो भाषा शिकला. पहिल्या मुक्कामात आठ-दहा वर्षं फादरांबरोबर हिंडला, लोकांना प्रार्थना आणि धर्मशिक्षण दिलं, आणि इतकी अस्सल जपानी उचलली की लोकांशी त्याची आपोआप जवळीक झाली. जेझुइट संघात जायची त्याची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग तो मकावला गेला, व्यापारी झाला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला घेतलं, तेही फादर म्हणून नाही, ब्रदर म्हणून. मिस्सा अर्पण करायचा अधिकार नसलेला साधा ब्रदर.

1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना दूत म्हणून जपानला पाठवलं, तेव्हा बरोबर गोन्सालो होता, दुभाषा म्हणून. त्या वेळी जपानची सगळी सत्ता तोयोतोमी हिदेयोशीच्या हातात होती. फिलिपिन्सने आपल्यापुढे मान तुकवावी अशी मागणी त्याने केलेली. एका बाजूला धमकी, दुसऱ्या बाजूला वेळ काढू पाहणारे स्पॅनिश लोक, आणि मधे बोलायला वसईचा मुलगा. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर? आम्ही त्याच्या मरणाच्या धैर्याबद्दल बोलतो. मला तर त्या दरबारात तोंड उघडायचं धैर्यही काही कमी वाटत नाही.

दुभाषाचं काम किती नाजूक असतं याचा एक किस्सा त्याच्याही आधीचा, आणि तो आपल्या गोव्यातून सुरू होतो. अंजिरो नावाचा जपानी माणूस 1548 मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन सेंट पॉल कॉलेजात शिकत होता. पुढच्या वर्षी तो संत फ्रान्सिस झेविअरबरोबर जपानला गेला. देवासाठी त्याने झेविअरना जपानी शब्द सुचवला 'दाइनिची'. हे तिकडच्या महावैरोचन बुद्धाचं नाव! झेविअर बराच काळ ते नाव घेऊन प्रवचनं करत होते आणि ऐकणाऱ्यांना हा बौद्ध धर्माचाच एखादा पंथ वाटत होता. चूक कळल्यावर त्यांनी तो शब्द टाकला आणि लॅटिनमधलं 'देउस' तसंच वापरायला सुरुवात केली. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी 1616 च्या ख्रिस्तपुराणात उलटी वाट धरली आणि मराठीतलेच 'वैकुंठ'सारखे शब्द बिनधास्त घेतले. कोण बरोबर, कोण चूक, हा वेगळ्या लेखाचा विषय. सांगायचं एवढंच, की धर्म पोचवायचा म्हणजे आधी शब्द शोधायचा. आणि तो शोध प्रवचनाच्या व्यासपीठावर लागत नाही. बाजारात, स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी लागतो.

शब्दांची गंमत म्हणजे काही आपले आणि जपान्यांचे चक्क भाऊ-भाऊ आहेत. आपण 'पाव' म्हणतो, ते 'पान' म्हणतात. दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. आपला 'पादरी' तिकडे झाला 'बातेरेन'. आणि ब्रदरसाठी त्यांचा शब्द होता 'इरुमान'. सकाळी नवघर रोडवर पाववाल्याची सायकल वाजली की हल्ली मला इरुमान गोन्सालो आठवतो. असो.

क्योटोमध्ये या फ्रान्सिस्कनांना जागा मिळाली. तिथे त्यांनी चर्च बांधलं आणि दवाखाने काढले. त्यात कुष्ठरोग्यांनाही ठेवून घेत. हा मला त्यांच्या सगळ्या कामाचा गाभा वाटतो. आजारी माणसाला 'कुठे दुखतंय' हे त्याच्याच भाषेत विचारणारा कोणीतरी लागतो, आणि तो बहुतेक वेळा गोन्सालोच असणार. त्याचं रोजचं काम हे होतं, भाचीबाई!

आता अवघड भाग. हिदेयोशीने 1587 मध्येच बातेरेनांना देश सोडायचा हुकूम काढला होता, पण तो कडकपणे पाळला जात नव्हता. 1596 च्या ऑक्टोबरमध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला फुटलं. माल जप्त झाला. स्पेनचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य, अशी बढाई त्या जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने मारल्याचं सांगतात. नेमकं काय बोलणं झालं यावर इतिहासकार अजून भांडतात. पण हिदेयोशीचा संशय अगदीच हवेतला होता असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मनिलात काय झालं ते त्याला दिसत होतं. आणि आपल्याला तरी वसईचा किल्ला दिसतोच की! तलवार आणि क्रूस एकाच जहाजातून उतरले, हे आम्ही वसईकर ख्रिस्ती लोक नाकारणार कसं?

म्हणूनच मला ते नाटक अपुरं वाटतं. हल्ली 'मिशनरी' हा शब्द उच्चारला की समोरच्याच्या कपाळावर आठी येते. त्या आठीला फक्त हौतात्म्याचं उत्तर देऊन भागत नाही. मरण सोसणारा माणूस आदरणीय असतो, पण त्यामुळे तो काय करत होता हे कळत नाही. रोज काय केलं हे सांगितलं तर निदान बोलणं तरी सुरू होतं.

बहिणीचं म्हणणं पडलं, "अगं, पण मरणामुळेच तो संत झाला ना?" बरोबर आहे. पण ते सव्वीस जण पाहा. परदेशी फक्त सहा: चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला. बाकी वीस जपानी. डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत त्यांना क्योटोहून नागासाकीपर्यंत महिनाभर चालवलं. वाटेत दोघांची भर पडली, त्यातला एक सुतार होता. सगळ्यात लहान मुलगा बारा वर्षांचा. हे लोक काही एका दिवसात भाला झेलायला तयार झाले नाहीत. त्यामागे कित्येक वर्षांची ऊठबस होती, शिकवणं होतं, सेवा होती.

आणि टिकलं काय तेही बघा. 1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. फादर नाहीत, चर्च नाही. अडीचशे वर्षांनी, 17 मार्च 1865 ला, नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये (हे याच सव्वीस जणांच्या नावे बांधलेलं) उराकामी गावची काही माणसं फ्रेंच फादरांपुढे येऊन हळूच म्हणाली, आमचं मनही तुमच्यासारखंच आहे. त्यांच्यासारख्या लपून राहिलेल्या कुटुंबांत एका पिढीने पुढच्या पिढीला सांगत प्रार्थना जपल्या होत्या. त्यांना ते 'ओराशो' म्हणत, प्रार्थनेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. उच्चार पार बदललेले, अर्थ अर्धा हरवलेला, तरी जपलेल्या. गोन्सालोसारख्या माणसांनी रोज बसून घोटून घेतलेलं हेच तर होतं.

तर माझं साधं मत आहे. पुढच्या वर्षी नाटकात क्रूस असूच दे. पण त्याआधी एक प्रवेश असा असावा, की एक आजारी म्हातारी जपानीत काहीतरी सांगते आहे, स्पॅनिश फादरना कळत नाही, आणि मधे बसलेला वसईचा मुलगा दोघांकडे आळीपाळीने बघत बोलतो आहे. पुठ्ठ्याचा भाला करण्यापेक्षा हे सोपं आहे, खर्चही नाही.

रविवारी भाचीला फोन करून सांगितलं, "तो दुभाषा होता. आणि आजाऱ्यांची सेवा करायचा."

तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे तू त्या शेजारच्या बांना डॉक्टरकडे नेतेस आणि त्यांचं गुजराती समजावून सांगतेस, तसं?"

मी म्हटलं, "हो. तसंच. फक्त मी दोनदा नेलं, तो वर्षानुवर्षं करत होता."

"मग हे का नाही दाखवत?"

फादर, तुमच्यापर्यंत हे पोचलं तर उत्तर तुम्हीच द्या. मला सुचलं नाही.