पार्टनर म्हणे!

जेवण मागवलं की फोनवर ओळ येते: तुमचा डिलिव्हरी पार्टनर निघाला आहे. नकाशावर सरकणारी ती चिमुकली बाइक आपण बघत बसतो. त्या शब्दाकडे मात्र बघत नाही. जरा बघा.

'पार्टनर'च्या मुळाशी वाटणी आहे. पार्टनर म्हणजे वाटेकरी. मराठीत आपण तो याच अर्थाने रुळवला. रूम पार्टनर भाडं वाटून घेतो. कॅरममधला पार्टनर आपल्यासोबत जिंकतो, आपल्यासोबत हरतो. १९३२चा भारतीय भागीदारी कायदाही हेच सांगतो: धंद्याचा नफा वाटून घ्यायचं ठरवलेल्या माणसांमधलं नातं म्हणजे भागीदारी. वेगळा करार नसेल तर नफ्यात समान वाटा, कारभारात भाग घेण्याचा आणि हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क.

आता हे त्या बाइकवाल्याला लावून बघा. बाइक त्याची, पेट्रोल त्याचं, पंक्चर त्याचं. दर मात्र ॲप ठरवणार. आयडी ब्लॉक झाला तर कारण कुणाला विचारायचं, हेही त्याला कळत नाही. वाट्याने शेत कसणाऱ्याचा निदान पिकात वाटा असतो, आणि पावसाने दडी मारली तर मालकाचंही नुकसान होतं. इथे वाट्याला येते फक्त जोखीम.

'पण "बॉय"पेक्षा "पार्टनर" बरा, मान तरी आहे!' असं कुणी म्हणेल. मान फुकट देता येतो, म्हणूनच दिलाय. 'कामगार' म्हटलं की किमान वेतन, भरपगारी रजा, पीएफ असे प्रश्न उभे राहतात. 'पार्टनर' म्हटलं की खिशात हात घालावा लागत नाही. आणि हवं तेव्हा लॉगिन करण्याची मुभा म्हणजे भागीदारी नव्हे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात करारातल्या गोड शब्दांपलीकडे पाहिलं. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते; मग चालक कामगारच, असा निकाल दिला. आपल्याकडे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आला, पण मालक-नोकर नात्याच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

कायदा बदलायला वेळ लागेल. जीभ आज बदलता येते. दारात उभा आहे तो कामगार आहे. त्याला कामगार म्हणा. आणि उद्या तो संपावर गेला, तर जेवण उशिरा आलं म्हणून कुरकुरू नका.