मुदत अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत

नागपूरचे हिवाळी अधिवेशन संपले. डिसेंबर 2025. विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता. विधान परिषदेतही नव्हता.

हे पत्र विधानसभेच्या अध्यक्षांना आहे. विधान परिषदेच्या सभापतींना आहे. मुख्यमंत्र्यांना आहे. विरोधी बाकांवरच्या तिन्ही पक्षांच्या नेत्यांनाही आहे. यातून कोणी स्वतःला वगळू नये.

आम्ही कोण, हे आपणांस ठाऊक आहे. आमची निवेदने आपल्या कार्यालयांत आहेत. त्यांची पोच आमच्याकडे आहे. मतदारांच्या, शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या, वकिलांच्या, शिक्षकांच्या संघटना जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आम्ही त्या सर्वांच्या वतीने बोलत आहोत.

आजवर आम्ही विनंती केली. हे विनंतीपत्र नाही.

23 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल लागला. 288 पैकी भाजपला 132, शिवसेनेला 57, राष्ट्रवादी काँग्रेसला 41 जागा. समोरच्या बाजूला शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) 20, काँग्रेस 16, राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) 10.

कौल स्पष्ट होता. आम्हीच दिला होता. सरकार कोणाचे, यावर आमचा वाद नाही.

पण त्या कौलात विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी ठेवा, असे आम्ही कुठेही लिहिले नव्हते.

सांगितले गेले की दहा टक्के संख्याबळ नाही. 288 चे दहा टक्के म्हणजे 29 आमदार. तेवढे कोणाकडेच नाहीत.

दहा टक्क्यांचा हा दंडक कोणत्या कायद्यात आहे, ते दाखवा.

आम्ही शोधला. महाराष्ट्र विधिमंडळातील विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन व भत्त्यांचा 1978 चा कायदा आम्ही वाचला. विरोधात असलेल्या पक्षांपैकी ज्याची सदस्यसंख्या सर्वांत मोठी, त्या पक्षाचा नेता; आणि त्याला अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता. एवढेच. टक्केवारी नाही.

दहा टक्क्यांची गोष्ट लोकसभेतली. ग. वा. मावळंकर पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष होते, तेव्हापासूनची. गणपूर्तीला लागते तितकी संख्या तरी पक्षाकडे असावी, हा त्यामागचा विचार. तो संकेत आहे. त्याच्या आधाराने 2014 ते 2024 अशी दहा वर्षे लोकसभेत ही खुर्ची रिकामी राहिली. ते चूक होते. दिल्लीची चूक मुंबईत आणून तिला नियम म्हणू नका.

आणि महाराष्ट्राचा स्वतःचा संकेत वेगळा आहे. तो आपण विसरला असाल तर आम्ही आठवण देतो.

1985 च्या निवडणुकीत काँग्रेसला 161 जागा होत्या. शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसला 54. जनता पक्षाला 20. शेतकरी कामगार पक्षाला 13. डिसेंबर 1986 मध्ये पवार काँग्रेसमध्ये परतले. विरोधी बाकांवर दहा टक्क्यांचा एकही पक्ष उरला नाही.

तेव्हा काय झाले?

जनता पक्षाचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले. पुढे शेतकरी कामगार पक्षाचे दत्ता पाटील झाले. त्यांच्यानंतर मृणाल गोरे झाल्या. 20 आमदारांचा पक्ष आणि 13 आमदारांचा पक्ष. प्रचंड बहुमताच्या सरकारने त्यांच्यासमोर बसून उत्तरे दिली. त्या सरकारचे काही बिघडले नाही. सभागृहाची उंची मात्र राहिली.

तेव्हा 20 पुरले. आज 20 का पुरत नाहीत?

दिल्ली विधानसभेत 2015 साली भाजपचे 70 पैकी फक्त 3 आमदार होते. तरीही त्यांच्या नेत्याला हे पद मिळाले. ते पद भाजपने स्वीकारले. तेव्हा टक्केवारी कोणी काढली नाही.

अध्यक्ष महोदय, शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) भास्कर जाधव यांच्या नावाचे पत्र आपल्याकडे मार्च 2025 मध्ये आले. त्यानंतर अर्थसंकल्पी अधिवेशन सरले. पावसाळी सरले. हिवाळी सरले. प्रत्येक वेळी उत्तर एकच. निर्णय योग्य वेळी होईल.

योग्य वेळ कोणती, हे आम्ही तीनही अधिवेशनांत विचारले.

मान्यता देण्याचा अधिकार आपला आहे. तो आम्ही नाकारत नाही. नकार द्यायचा असेल तर लेखी द्या, कारणांसह द्या. त्याला आम्ही उत्तर देऊ. पण होकारही नाही, नकारही नाही, फक्त फाईल पडून आहे, याला अधिकाराचा वापर म्हणत नाहीत.

सभापती महोदय, हेच आपणांसही. परिषदेतील विरोधी पक्षनेत्यांची मुदत ऑगस्ट 2025 मध्ये संपली. काँग्रेसने सतेज पाटील यांचे नाव दिले. विधानसभेचा आजार परिषदेतही आला.

या काळात सभागृहात काय काय झाले, तेही नोंदवतो.

सुमारे 7 लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मार्च 2025 मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविना मांडला गेला आणि विरोधी पक्षनेत्याविना मंजूर झाला. जुलैमध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक आले. नागरिकाला तुरुंगात टाकता येईल, संघटनेवर बंदी घालता येईल, असे अधिकार देणारे विधेयक. विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. ज्याने सर्वांत आधी उभे राहून बोलायचे, त्याची जागा मोकळी होती.

गोष्ट भाषणापुरती नाही. राज्य मानवी हक्क आयोगावर कोण बसणार, हे ठरवणाऱ्या समितीत दोन्ही सभागृहांच्या विरोधी पक्षनेत्यांना कायद्याने स्थान आहे. दोन्ही जागा आज रिकाम्या. मुख्यमंत्री, गृहमंत्री आणि दोन पीठासीन अधिकारी. समोर कोणी नाही.

राज्य मुख्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीतही विरोधी पक्षनेता असतो. इथे मात्र संसदेने दूरदृष्टी दाखवली. माहिती अधिकार कायद्याचे कलम 15, पोटकलम 3, त्याखालचे स्पष्टीकरण वाचा. विरोधी पक्षनेता म्हणून कोणाला मान्यता नसेल, तर विरोधातील सर्वांत मोठ्या गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता मानला जाईल.

म्हणजे हा पेच येऊ शकतो हे संसदेला 2005 सालीच दिसले होते. तिने तो सोडवूनही ठेवला. सर्वांत मोठा गट. दहा टक्के नव्हे. विधिमंडळाच्या दाराशी हाच न्याय अडतो, तो का?

आता विरोधी बाकांकडे.

आपण पायऱ्यांवर घोषणा देता. काळ्या पट्ट्या बांधता. चहापानावर बहिष्कार टाकता. आम्ही ते पाहिले. पण आमची स्मरणशक्ती शाबूत आहे.

निकाल नोव्हेंबरमध्ये लागला. नाव मार्चमध्ये आले. मधले तीन महिने आपण काय करत होता? सत्ताधाऱ्यांकडून अन्याय होतो आहे, असे म्हणणाऱ्याने आपला अर्ज तरी पहिल्या दिवशी करावा.

आणि त्याआधीचे तर आम्ही विसरलेलोच नाही.

4 फेब्रुवारी 2021. विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी राजीनामा दिला. ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. राज्यात आपलेच सरकार होते. 170 च्या घरात पाठबळ असल्याचे आपण सांगत होता. नवा अध्यक्ष एका दिवसात निवडता आला असता.

आपण निवडला नाही.

हे पद पुन्हा काँग्रेसचे की तिन्ही पक्षांसाठी खुले, यावर आपण आपसांत भांडलात. मग गुप्त मतदानात आपलीच मते फुटतील, या भीतीने थांबलात. डिसेंबर 2021 मध्ये नियम बदलून आवाजी मतदान आणलेत. राज्यपालांनी हरकत घेतली. आपण तारीख मागितलीत, त्यांनी दिली नाही, आणि अधिवेशन गुंडाळून आपण घरी गेलात. राज्यघटनेचे कलम 178 सांगते की अध्यक्षपद रिक्त झाले तर सभागृहाने दुसरा अध्यक्ष निवडावा. आपल्या भांडणापुढे ते कलम दुबळे ठरले.

जून 2022 मध्ये त्याची किंमत आली. शिवसेनेचे फुटलेले आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. अपात्रतेच्या नोटिसा काढायला अध्यक्षच नव्हते. उपाध्यक्षांनी त्या काढल्या, पण त्यांनाच पदावरून दूर करण्याची नोटीस त्यांच्यासमोर होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार पडले.

ज्या खुर्चीवरून आपण सतरा महिने वाद घातलात, ती 3 जुलै 2022 रोजी समोरच्यांनी भरली. 164 विरुद्ध 107. मतदान खुले होते. जे राजभवन आपल्याला तारीख देत नव्हते, त्याने त्यांना काही दिवसांत दिली. राजभवनाचा तो दुजाभावही आमच्या नोंदीत आहे.

सत्ताधाऱ्यांनी यावर समाधान मानू नये. आपली पाळी लगेच पुढे आहे.

त्याच जुलै 2022 मध्ये विधान परिषदेचे सभापती रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत संपली. नवे सभापती कधी निवडले? 19 डिसेंबर 2024 रोजी. सुमारे अडीच वर्षे. उपसभापतींनी कारभार ओढला. सरकार आपले होते, राज्यपाल आपल्याला अनुकूल होते. युतीतले दावे-प्रतिदावे तेवढे मिटत नव्हते. आणि ज्या दिवशी मिटले त्या दिवशी निवड बिनविरोध झाली. अडीच वर्षे ज्याला लागली ते काम काही मिनिटांचे होते.

अपात्रतेच्या याचिकांचे तेच. जून-जुलै 2022 च्या याचिका. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये वाजवी मुदतीत निर्णय द्यायला सांगितले. वाजवी मुदत उलटत राहिली. अखेर न्यायालयाला तारीख घालून द्यावी लागली, ती एकदा वाढवून द्यावी लागली, आणि निर्णय आला 10 जानेवारी 2024 रोजी.

पीठासीन अधिकाऱ्याला न्यायालयाने तारीख घालून द्यावी, ही महाराष्ट्राला शोभणारी गोष्ट नव्हती. ती पुन्हा घडवू नका.

तेव्हा हिशेब असा. अध्यक्षपद रिकामे ठेवणारे आज विरोधात आहेत. सभापतिपद रिकामे ठेवणारे आज सत्तेत आहेत. विरोधी पक्षनेतेपद रिकामे ठेवणारेही सत्तेत आहेत. बाजू बदलल्या. वागणूक तीच.

या खुर्च्या कोणत्याही पक्षाच्या वाट्याच्या नाहीत. जागावाटपात त्या मोजायच्या नसतात. त्या सभागृहाच्या आहेत आणि सभागृह आमचे आहे.

आम्ही आजवर संयम ठेवला. तो कोणी दुबळेपणा समजू नये. अर्ज केले, भेटी मागितल्या, थांबलो. आपल्यातील काहींनी भेट दिली, चहा दिला, आश्वासन दिले. काहींनी तेही दिले नाही. आम्ही रस्ता अडवला नाही. एका दगडालाही हात लावला नाही. पुढेही लावणार नाही. आम्हाला त्याची गरज नाही.

आमची मागणी छोटी आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी कामकाज सुरू होण्यापूर्वी दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेत्यांविषयी निर्णय जाहीर व्हावा. होकार असेल तर होकार. नकार असेल तर लेखी, कारणांसह, सहीनिशी.

पुढील अधिवेशन ही पर्यायी मुदत नाही. मुदतवाढ मागू नये.

निर्णय झाला नाही तर त्याच आठवड्यात आमचे वकील मुंबई उच्च न्यायालयात उभे राहतील. याचिका लिहून तयार आहे. 1986 ते 1989 ची उदाहरणे तिच्यात आहेत, 1978 चा कायदा आहे, माहिती अधिकार कायद्याचे ते स्पष्टीकरण आहे. आपले मौनही आहे, तारखांसह.

न्यायालय आपल्या गतीने चालेल. आम्ही त्याच्यावर विसंबून बसणार नाही.

प्रत्येक मतदारसंघात, सर्वच्या सर्व 288, आमदारांच्या कार्यालयात एक प्रश्न लेखी जाईल. विरोधी पक्षनेता असावा की नसावा? उत्तर हो किंवा नाही. गोलमोल उत्तर हे नाही धरले जाईल. आलेले उत्तर, किंवा न आलेले, त्या मतदारसंघातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि प्रभागाच्या फलकावर आमदारांच्या नावासह लागेल. पक्ष पाहिला जाणार नाही.

अर्थसंकल्पातील खातेनिहाय मागण्या आम्ही चौकाचौकांत वाचू. पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, गृह. सभागृहात जे प्रश्न विचारायला नेता नाही, ते तिथे विचारले जातील. मंत्र्यांना बोलावणे जाईल. ते आले नाहीत तर त्यांची गैरहजेरी वाचून दाखवली जाईल.

ज्या आमदाराने या प्रश्नावर मौन धरले, त्याला आमच्या संस्थांत, शाळांत, बाजार समित्यांत, पतसंस्थांत, गणेश मंडळांत मंच मिळणार नाही. हार नाही, सत्कार नाही, उद्घाटन नाही. असे ठराव अनेक ठिकाणी झाले आहेत. बाकी ठिकाणी होत आहेत.

आणि निवडणुका पुन्हा येतील. आपले कार्यकर्ते मते मागायला आमच्याकडेच येतील. त्यांना काय विचारायचे, हे ठरलेले आहे.

विरोधी पक्षांच्या नेत्यांना वेगळे एक सांगायचे आहे. मान्यता मिळाली आणि उद्या नावावरून पुन्हा आपसांत जुंपली, हे पद कोणाकडे राहावे यावर पुन्हा रुसवेफुगवे सुरू झाले, तर आमचा पहिला फलक आपल्या कार्यालयासमोर लागेल. दिलेले नाव कायम ठेवा. बदलायचे असेल तर एकमताने, एकदाच, अधिवेशनाआधी.

मुख्यमंत्री महोदय, निर्णय पीठासीन अधिकाऱ्यांचा आहे, सरकारचा नाही, हे उत्तर आपण देऊ शकता. ते आम्ही स्वीकारणार नाही. आपण स्वतः या सभागृहात 2019 पासून विरोधी पक्षनेते होता. या पदाने काय करता येते, हे आपणांस कोणी शिकवायला नको. ते पद आपणांस मिळाले तेव्हा आपल्या पक्षाने त्याचा पुरेपूर वापर केला. तो आपला हक्क होता. आज तोच दुसऱ्याचा आहे.

या पत्राची प्रत दोन्ही सभागृहांच्या सचिवालयांत दिली जाईल. पोच घेतली जाईल. उत्तर लेखी हवे. तोंडी निरोप, मध्यस्थ, चहापानाचे आमंत्रण यांना उत्तर समजले जाणार नाही.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सकाळी आमचे प्रतिनिधी प्रेक्षक सज्जात असतील. दोन्ही सभागृहांत. जाहीर होईल ते ते ऐकतील. काही जाहीर झाले नाही, तर दुपारी ते उच्च न्यायालयात असतील.