बिनपगारी भालदार

संस्थाने गेली आणि त्यांच्याबरोबर भालदार-चोपदारही गेले, अशी आपली एक समजूत आहे. ती खरी नाही. राजाची स्वारी अजून चार कोसांवरही दिसत नसताना ललकाऱ्या देत पुढे धावणारी माणसे आज जितकी आहेत तितकी कोणत्याही दरबारात नव्हती. फरक एवढाच, की जुन्या भालदाराला दरमहा पगार मिळे, सणावाराला पागोटे मिळे. हे नवे भालदार पदरमोड करून ओरडतात, आणि ओरडता ओरडता आपणच राजे आहोत असे त्यांना वाटू लागते.

मी बोलतो आहे ते न आलेल्या चित्रपटांच्या भक्तांविषयी, आणि त्यांतल्या त्यांत 'श्रेक' नावाच्या हिरव्या राक्षसाच्या भक्तांविषयी. विल्यम स्टाइग ह्या अमेरिकन चित्रकार-लेखकाने १९९० साली मुलांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यावरून ड्रीमवर्क्स ह्या चित्रसंस्थेने २००१ साली संगणकावर चितारलेला विनोदी चित्रपट काढला. तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला, आणि अ‍ॅनिमेशनच्या चित्रपटांसाठी नव्यानेच ठेवलेले ऑस्कर पहिल्या वर्षी त्यालाच मिळाले. पुढे २००४, २००७ आणि २०१० असे आणखी तीन भाग निघाले. चौथा भाग अखेरचा म्हणूनच जाहिरातीत मिरवला होता. निरोपाचा प्रयोग करून गेलेला नट पुन्हा तोंडाला रंग लावतो हे आपल्याला नवे नाही. जुलै २०२४ मध्ये पाचवा भाग जाहीर झाला. तारीख पडली १ जुलै २०२६. जानेवारी २०२५ मध्ये ती २३ डिसेंबर २०२६ झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३० जून २०२७. आपल्याकडे लग्नाची तिथी दोनदा पुढे गेली म्हणजे गावात ज्या भुमका उठतात त्या सगळ्या इथेही उठल्या.

त्यांतली एक मात्र सांगण्यासारखी आहे. २७ फेब्रुवारी २०२५ ला कंपनीने जेमतेम अर्ध्या मिनिटाची एक झलक दाखवली. त्या झलकेत राक्षसाचा चेहरा पूर्वीसारखा नाही, डोळे आणि नाक बदलले, असा टाहो फुटला. कोणी जुना आणि नवा चेहरा शेजारी शेजारी ठेवून अंतरे मोजली. कोणी स्वतः दुरुस्त करून दाखवला. मग तारीख पुढे गेली तेव्हा कंडी पिकली, की आपल्या आरडाओरड्यामुळेच चेहरा पुन्हा काढायला घेतला आहे. कंपनीने असे काही म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. पण न शिजलेल्या डाळीवरून घरात भांडण व्हावे ही आपली 'बाजारात तुरी'ची म्हण; इथे तुरी अजून पेरायच्या आहेत, आणि भट-भटीण हमरीतुमरीवर आले आहेत.

आता कोणी म्हणेल, की बिचाऱ्या पोराटोरांची ती करमणूक आहे, तुम्ही कशाला दात-ओठ खाता? करमणूक असती तर मी एक अक्षर लिहिले नसते. हा धंदा आहे, आणि त्यातला मजूर कोण व सावकार कोण हेच ह्या मुलांना कळेनासे झाले आहे. चित्रपटाच्या आधी त्याच्या खोट्या झलका तयार करणारी मंडळी आज आहेत. जुन्या चित्रपटांचे तुकडे आणि यंत्राने रचलेली दृश्ये जोडून ती 'पहिली झलक' म्हणून यूट्यूबवर लावतात, आणि लक्षावधी लोक ती खरी समजून पाहतात. मार्च २०२५ मध्ये बाहेर आले ते असे, की ह्या बनावट मालाविरुद्ध दंड थोपटण्याऐवजी काही बड्या चित्रसंस्थांनी त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न आपल्याकडे वळवून घेतले होते. गवगवा झाला तेव्हा यूट्यूबने अशा दोन मोठ्या वाहिन्यांचे जाहिरात-उत्पन्न थांबवले. चोराने आपल्या दुकानाची नक्कल थाटली तर दुकानदार फौजदाराकडे जातो. इथे तो हळूच जाऊन गल्ल्यात वाटा मागतो. जिथे खोट्यालाही भाव आहे तिथे ती अफवा खोडून काढण्याची घाई कोणाला असणार?

त्या अर्ध्या मिनिटाच्या झलकेत काय होते तेही पाहा. जादूच्या आरशात श्रेकची टवाळ चित्रे एकामागून एक येतात, आणि त्याची वयात आलेली मुलगी ती पाहून ओशाळते. ही चित्रे भक्तांनीच वर्षानुवर्षे हौसेने केलेल्या थट्टेच्या धर्तीवरची. म्हणजे माल तुमचाच. तो तुम्हालाच विकायला मांडला, आणि तुम्ही भांडलात ते नाकावरून.

गंमत अशी, की पहिला 'श्रेक' ज्यांनी खरोखर पाहिला आहे त्यांना हे सगळे ओळखीचे वाटावे. त्यात फारक्वाड नावाचा एक बुटका सरदार आहे. त्याच्या राज्यात प्रजेने टाळ्या केव्हा वाजवायच्या आणि गप्प केव्हा बसायचे हे शिपायांना पाट्या दाखवून सांगावे लागते. सगळा चित्रपट ह्या पाट्यांची, मिरवणुकींची आणि गोंडस परीकथांची चेष्टा करतो. आज त्याच चित्रपटाचे भक्त पाट्या घेऊन उभे आहेत, आणि पगारी शिपायांची गरज उरलेली नाही.

माझा मुख्य आक्षेप अजून पुढेच आहे, आणि तो हसण्याविषयी आहे. शोकांतिका आधी ठाऊक असली तरी चालते. रामाला वनवास घडणार हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते, तरी दशरथाच्या प्रसंगी डोळे भरून येतात. विनोदाचे तसे नाही. न कळलेले अचानक कळणे ह्यावर त्याचे पोट आहे. जो प्रेक्षक दोन वर्षे प्रत्येक विनोदाचा वास घेत हिंडला, मुलीचा आवाज झेंडेया ह्या नटीला का दिला ह्यावर ज्याने रात्री जागवल्या, तो थिएटरात हसायला जातच नाही. तो हिशेब ताडून पाहायला जातो. आपले भाकीत खरे ठरले तर त्याला त्यात नवे काही दिसत नाही, आणि चुकले तर फसवल्यासारखे वाटते. विनोदी चित्रपटाला ह्याहून वाईट प्रेक्षक मिळणे कठीण आहे.

पहिला 'श्रेक' चांगला झाला ह्याचे एक कारण असे, की त्याची कोणी वाट पाहत नव्हते. ड्रीमवर्क्समध्ये तेव्हा 'प्रिन्स ऑफ ईजिप्ट'चा मान मोठा होता, आणि ज्याचे काम नापसंत होई त्याची शिक्षा म्हणून श्रेककडे बदली करीत, असे सांगतात. राक्षसाचा आवाज आधी क्रिस फार्ली ह्या नटाचा होता. त्याचे बहुतेक संवाद ध्वनिमुद्रित झाले होते. डिसेंबर १९९७ मध्ये तो तेहतिसाव्या वर्षी वारला. मग माइक मायर्स आला. त्याने संवाद म्हटले, आणि पुष्कळ काम झाल्यावर म्हणाला, मला हे स्कॉटिश धाटणीत पुन्हा म्हणायचे आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये आधी आवाज आणि मग त्याबरहुकूम ओठ, भुवया, खांदे. तेव्हा ह्या लहरीची किंमत काय पडली असेल ते कोणीही ताडावे. पण ती लहर मानली गेली, आणि आज तो आवाज वगळून श्रेक डोळ्यांपुढे आणता येत नाही. त्या वेळी आजची भक्तमंडळी असती तर? फार्लीनिष्ठांचा एक पक्ष झाला असता, मायर्सनिष्ठांचा दुसरा, आणि स्कॉटिश उच्चार ऐकताच दोघांनी मिळून घंटानाद केला असता. काही निर्णय अंधारातच घ्यावे लागतात. मडके भाजत असताना गाव भट्टी उघडून पाहू लागला तर कुंभाराने काय करावे?

प्रेक्षकाने मागणी करूच नये असे मी म्हणत नाही. बालगंधर्वांना वन्समोअर देणारे आमचे आजोबाही मागणी करीत. पण ते पद ऐकून मग ओरडत. पडदा उघडण्यापूर्वी तान कशी घ्यावी हे कळवायला त्यांच्यापैकी कोणी रंगपटात गेला असता तर त्याला व्यवस्थापकाने बकोटीला धरून बाहेर घातला असता.

ह्यावर माझा भाचा माझ्यापुढे 'सॉनिक'चे उदाहरण टाकतो. तो संगणकशास्त्र शिकतो, आणि घरात माझ्याशी वाद घालणारा तो एकटाच आहे. उदाहरण वजनदार आहे, तेव्हा टाळून चालणार नाही. सॉनिक हा व्हिडिओ-खेळातला निळा, काटेरी प्राणी. एप्रिल २०१९ अखेर त्याच्या विनोदी चित्रपटाची झलक आली. त्यात त्याला माणसासारखे दात आणि बारीक डोळे दिले होते. जगभर हाकाटी झाली. दोन-चार दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलर ह्याने चेहरा बदलण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये येणारा चित्रपट फेब्रुवारी २०२० मध्ये आला, आणि त्याने उत्तम धंदा केला. "मामा, आता बोला," असे भाचा म्हणतो.

बोलतो. नवा चेहरा जुन्यापेक्षा चांगला होता, हे मान्य. पण तो रंग हवेतून पडला नाही. संगणकातला चेहरा म्हणजे फळ्यावरचे चित्र नव्हे, की ओल्या फडक्याने पुसले आणि दुसरे काढले. डोळ्यांची जागा हलली की त्याखालचा सगळा सांगाडा हलतो. मग हालचाल, केस, सावली, प्रकाश, सारे दृश्यागणिक पुन्हा करावे लागते. एक कसबी माणूस आठवडाभर राबतो तेव्हा पडद्यावर काही सेकंद उमटतात. हे काम ज्यांनी केले त्यांत एमपीसी ह्या स्टुडिओची व्हँकूव्हरची शाखा होती. ती शाखा डिसेंबर २०१९ मध्ये, चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, बंद झाली. चालकांनी बाजारातल्या ताणाचे कारण दिले, आणि चाहत्यांमुळेच ती बुडाली असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर मीही कंडीच पिकवली असे होईल. पण विजयोत्सवात किती जणांनी त्या माणसांची चौकशी केली?

ही एमपीसी टेक्निकलर ह्या पॅरिसच्या कंपनीच्या पंखाखाली होती. तिचा मोठा कारखाना आपल्याकडे बंगळूरला होता, मुंबईतही होता. बंगळूरला तिच्या छत्राखाली ड्रीमवर्क्ससाठी काम करणारा स्वतंत्र विभागच होता, आणि श्रेकच्या गोतावळ्यातल्या बोक्याचा 'पुस इन बूट्स' हा २०११ चा चित्रपट घडवण्यात त्या मुलामुलींचा हात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर कोसळली. भारतातली कामे बंद पडली, हजारो लोक घरी बसले, आणि पुष्कळांचे पगार अडकले. ती बातमी ज्या आठवड्यात आली त्याच आठवड्यात श्रेकची ती अर्ध्या मिनिटाची झलक आली. एकीकडे राक्षसाच्या दोन डोळ्यांमधले अंतर मोजले जात होते. दुसरीकडे असले डोळे काढणारी, आपल्या शेजारच्या घरांतली माणसे भाड्याचा हप्ता मोजत होती. पहिल्या बातमीवर भाच्याने मला अकरा निरोप धाडले. दुसरी त्याला माझ्याकडून कळली, आणि तो स्वतः उद्या ह्याच कामात शिरण्याच्या विचारात आहे.

३० जून २०२७ ही तारीख टिकली तर मी चित्रपटाला जाईन. शेवटी बारीक अक्षरांत जी लांबच लांब नामावली सरकत जाते, आणि जिच्या पहिल्या ओळीलाच हे भक्त चपला शोधू लागतात, ती संपेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही. भाच्याचे तिकीटही मीच काढणार आहे. अट एक घातली आहे: तोवर त्याने त्या चेहऱ्याविषयी माझ्यापाशी चकार शब्द काढू नये. त्याचा होकार अजून आलेला नाही.