डोळा, कान आणि उतू गेलेले दूध

डोळ्यापुढे काळी सावली येते म्हणाली, तेव्हा आम्ही भाचीला नवा चष्मा करून दिला. डाव्या कानात शिट्टी वाजू लागली, तेव्हा थेंब आणले. पुढे दूध उतू जात असता ती नुसती पाहत उभी राहू लागली. "लक्ष कुठे असतं हिचं!" अक्का म्हणाली. मीही हसलो, हे कबूल करतो.

तिन्ही तक्रारी एकत्र मांडल्या त्या मेंदूच्या डॉक्टरांनी. एम.आर.आय.त मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पुलावरच ठिपके होते. सुसॅकचा आजार! जॉन सुसॅक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७९ साली दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली, त्यावरून हे नाव. शरीराची राखणदार फौजच मेंदू, नेत्रपटल आणि अंतर्कर्ण यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर उलटते. वाहिन्या तुंबतात, पुढचा भाग रक्तावाचून उपाशी राहतो. आजार फार दुर्मिळ. पण गाठतो तो बहुधा विशी ते चाळिशीतल्या बायकांना.

स्टेरॉइड ताबडतोब सुरू झाले. भाची आता घरचा हिशेब पुन्हा लिहिते. डावा कान मात्र गेला तो गेलाच. परवा फराळाला बसताना अक्का मुकाट्याने उठली आणि तिच्या उजव्या हाताला जाऊन बसली.