बरोबरीत सुटलेला डाव

बुद्धिबळाच्या स्पर्धेहून घरी परतलेल्या मुलास आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘जिंकलास की हरलास?’ ‘बरोबरी झाली’ हे उत्तर ऐकताच विचारणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. आपल्या इंदूरच्या घरांतही हे काही नवे नाही. म्हणून या खेपेस बरोबरीविषयीच चार शब्द.

अतिजलद डावात प्रत्येकास साधारणतः तीन ते पाच मिनिटे मिळतात. पट सांभाळावा की घड्याळ, हा पेच खेळीखेळीला पडतो. अशा डावात तीच स्थिती तीनदा उद्भवली, शह नसताना एकही खेळी उरली नाही, किंवा एकाची वेळ संपूनही दुसऱ्यापाशी मात करण्याजोगे बळच राहिले नाही, तर अर्धा-अर्धा गुण वाटला जातो. हरू घातलेला डाव यांपैकी एखाद्या वाटेवर आणून सोडणे, हे कौशल्याचेच काम होय.

अर्थात सर्वच बरोबऱ्या सारख्या नसतात. 2024 च्या डिसेंबरअखेर न्यूयॉर्क येथील जागतिक अतिजलद स्पर्धेत अंतिम लढतीचे पहिले दोन डाव मॅग्नस कार्लसनने जिंकले, पुढचे दोन इयान नेपोम्नियाचीने. नंतरचे तीन बरोबरीत सुटले आणि उभयतांनी अजिंक्यपद वाटून घेतले. खेळ पुढे चालू न ठेवता तो मिटवला, म्हणून टीकाही पुष्कळ झाली.

याउलट उदाहरण आपल्या शेजारच्या नागपूरचे. 2025 च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्या देशमुखसमोर होती कोनेरू हम्पी. वयाने दुप्पट आणि जलद प्रकारात दोनदा जगज्जेती ठरलेली. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. निर्णायक जलद डावांतील पहिलाही तसाच सुटला. त्यानंतरचा डाव काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने जिंकला आणि वयाच्या 19 व्या वर्षी विश्वचषकासह ग्रँडमास्टर हा किताबही मिळविला. आधीच्या तीन बरोबऱ्यांतील एकही डाव हातचा गेला असता, तर हे घडणे किती कठीण झाले असते!

तेव्हा पालकहो, मूल बरोबरी करून आले, तर त्याला पट मांडावयास सांगा आणि विचारा, ‘अडचण कोठे आली, आणि तू काय केलेस?’ ते उत्साहाने दाखवील. त्यातून त्याची जिद्द आणि सावधपणा आपल्याला जेवढा कळेल, तेवढा गुणतक्त्यावरून कळणार नाही.