ज्ञानेश्वर वीस बाइटांत मावत नाही

‘नाव इंग्रजीत भरा, सिस्टिम मराठी घेत नाही.’ हे वाक्य आजही कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. सिस्टिम मराठी घेते. ती बांधणाऱ्यानं घेऊ दिलेली नसते.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये त्यांची दहा चिन्हं होतात: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण तीस. आता कुणी नावाच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घातली आणि वरचं मुकाट छाटलं, तर अठरा बाइटांत ‘ज्ञाने’ संपतं, उरलेल्या दोनांत ‘श’ तुटतो आणि पावतीवर त्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. माणसाचं नाव छाटलं जातं आणि त्याला तांत्रिक अडचण म्हणतात! ही अडचण नव्हे, कामचुकारपणा आहे.

सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला ‘कॅर’, म्हणजे अक्षर साठवण्याचा प्रकार, एका बाइटचा, आस्की या जुन्या संकेतावलीच्या जागा १२८, तेवढ्यात इंग्रजीचं भागलं. ती त्या काळाची मर्यादा होती, मान्य. पण देवनागरीसकट युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, यूटीएफ-८ १९९२चं. तरीही मायएसक्यूएल या डेटाबेसनं देवनागरी नसलेला लॅटिन-१ हाच डीफॉल्ट अक्षरसंच २०१८पर्यंत, आठवी आवृत्ती येईपर्यंत चालवला आणि आमच्या लोकांनी तो डोळे मिटून वापरला. अशा रकान्यात मराठी घुसवली की बऱ्याचदा ‘????’ उरतं. मग ‘फॉन्ट टाकून बघा’ असा सल्ला मिळतो. कसला फॉन्ट? मूळ अक्षरं साठवतानाच गेली, डिस्कवर प्रश्नचिन्हंच आहेत.

युनिकोडवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. देवनागरी जोडाक्षर मध्येच तोडू नये, हा नियम त्यांच्या अक्षरविभाजनाच्या मानकात २०२३ साली आला. पण कृतिदेवसारख्या फॉन्टांत वर्षानुवर्षं टंकलेल्या मजकुराचं काय? तिथे साठवलेली असतात रोमन चिन्हं, फक्त आकार देवनागरीचा. त्यात कुणी ‘सातबारा’ शोधला तर सापडणार नाही. हा उद्योग कुणा परक्यानं आपल्यावर लादलेला नाही.

म्हणून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक कचेरीनं एक अट घालावी. ‘ज्ञानेश्वर’ टाइप करा, सेव्ह करा, शोधा, छापा. चारही ठिकाणी नाव अखंड आलं नाही, तर ठेकेदाराचं बिल अडवा.