सभागृहाची फरशी

सभागृहाची फरशी बदलायचे विश्वस्त मंडळाने ठरवले, हे बरे झाले. उखडलेल्या कोपऱ्यात मुलांना प्रार्थनेला बसवणे आम्हांलाही पटत नव्हते. आता प्रश्न कोणत्या फरशीचा. बरेच पालक चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स सुचवतात. आमचे मत मोझॅकला, म्हणजे आपल्या इंदुरी बोलीतल्या चिप्सच्या फरशीला.

त्यातही दोन रीती. मोझॅक टाइल कारखान्यात दाबून, पक्की होऊन येते. मसाल्यावर बसवून घासली की झाले. ओतीव चिप्सला धीर लागतो. खाली काँक्रीट, वर सिमेंट आणि संगमरवराच्या बारीक खड्यांचा जेमतेम 6 मि.मी. थर, मध्ये काचेच्या पट्ट्या. सिमेंट आकसते तेव्हा तडे वाटेल तसे जाऊ नयेत म्हणून या पट्ट्या. एक चौकट साधारण 2 चौ. मी.हून मोठी करीत नाहीत. मग आठवडाभर पाणी, त्यानंतर घिसाई: आधी खरखरीत दगड, मग बारीक, मध्ये भोके सिमेंटने बुजवायची. चिखल होतो, कारीगरही जाणता लागतो. पण झिजली तर तीच फरशी पुन्हा घासता येते. व्हिट्रिफाइड फुटली तर काही वर्षांनी त्याच रंगाची टाइल शोधत फिरावे लागते.

म्हणून सभागृहाला ओतीव चिप्स, उन्हाळ्याच्या सुटीत. पावसाचे पाणी येणाऱ्या व्हरांड्याला खाचांची चेकर्ड टाइल. दर मागवताना घिसाई व पॉलिश धरूनच मागवावेत. मेणाचे पॉलिश मात्र नको. मुले धावतात, आणि ‘धावू नका’ ही पाटी कोणी वाचत नाही.